दहा किलोमीटरच्या आत

"तुम्ही तर परदेशात गेला होतात ना?" असं भाजीबाजारात एका बाईनं विचारलं, तेव्हा घशाच्या डॉक्टरला पहिल्यांदा कळलं, की आपण परदेशात गेलो आहोत.

हातात कोबीचा गड्डा धरून ती तशीच उभी राहिली. बाई ओळखीची होती. तिच्या मुलाचा कान वाहायचा. त्याला हिनंच बरं करत आणलं होतं आणि औषधं अर्ध्यावर असतानाच हिनं नोकरी सोडली होती. हॉस्पिटलच्या काउंटरवर त्या बाईला सांगण्यात आलं, की डॉक्टर परदेशी गेल्या, आता परत यायच्या नाहीत. गुरुवारी बाहेरगावाहून दुसरे डॉक्टर येतात, त्यांना दाखवा. "आणि तुम्ही इथे कोबी निवडताय," बाई म्हणाली. तोंड हसत होतं, पण नजर हसत नव्हती. खोटं नक्की कोण बोललं, हॉस्पिटल की डॉक्टर, हे ती मनात ताडून बघत असावी.

"मी इथेच आहे," डॉक्टर म्हणाली. पुढचं वाक्य 'मुलाला घेऊन या' असं असायला हवं होतं, आणि नेमकं तेच बोलायची तिला बंदी होती.

ती बंदी तिनं स्वतःच्या सहीनं ओढवून घेतली होती. शिक्षण संपल्यापासून ती एका म्हाताऱ्या सर्जनच्या लहानशा हॉस्पिटलात काम करायची. म्हाताऱ्यानं ते एका कंपनीला विकलं. कंपनीनं भिंतींना फिकट पोपटी रंग द्यायला घेतला आणि सगळ्या डॉक्टरांपुढे नवा करार ठेवला. नोकरी सोडली तर पुढची दोन वर्षं हॉस्पिटलपासून दहा किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही, असं त्यात एक कलम होतं. दहा किलोमीटर म्हणजे सगळं गाव आलं, वर नदीपलीकडची वस्तीही आली. तिनं ते वाचलं होतं, समजलंही होतं. पण नोकरी सोडायचं तेव्हा कुणाच्या मनात होतं? शेजारी बसलेल्या हाडांच्या डॉक्टरांनी सही करून पेन तिच्याकडे सरकवलं आणि तिनंही सही ठोकली.

मग व्यवस्थापक तिला सांगू लागला, की टॉन्सिलची ऑपरेशनं वाढायला हवीत. आधी आडून, मग सरळ तोंडावर. जी मुलं गोळ्यांनी बरी झाली असती त्यांच्या घशात चाकू घालायला तिचा हात होईना. तिनं राजीनामा दिला. व्यवस्थापकानं तो घेतला, चहा पाजला, दारापर्यंत पोचवायला आला आणि तिथे उभं राहून अगदी मायेनं म्हणाला, "कराराचं तेवढं लक्षात ठेवा हं, मॅडम. आमचं लक्ष असतंच."

ते 'लक्ष' त्या दिवसापासून तिच्या पाठीला चिकटलं.

तिचा धाकटा दीर वकील होता. त्यानं करार वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, की सही केली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. मालकाला आपली गुपितं जपायची असतील, पेशंटांची यादी जपायची असेल, तर कोर्ट त्याला तेवढं जपू देतं. पण दुसऱ्या कुणी शेजारी दुकान लावू नये एवढ्यासाठी कुणाचे हातपाय बांधता येत नाहीत. त्यातून डॉक्टर असला तर त्याच्याकडे येणाऱ्या आजारी माणसांचाही विचार होतो. "पण वहिनी, हे कोर्टानं म्हणायचंय, मी नाही. तोवर त्यांच्या हाती काही लागू देऊ नका."

"तोवर म्हणजे किती दिवस, भाऊजी?"

दिरानं चष्मा पुन्हा नाकावर आणला. ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

घरी बसून ती वेडी झाली असती. म्हणून मामानं तोडगा काढला. मामाचं बाजाराच्या टोकाला चष्म्यांचं आणि कानाच्या मशीनचं दुकान होतं. मागे एक खोली होती, तिथे ज्याला कमी ऐकू येतं त्याची तपासणी करून मशीन बसवायचं. हे काम मशीन विकणारा कुणीही शिकलेला माणूस करतो, त्याला डॉक्टरकी म्हणत नाहीत, असं मामाचं म्हणणं. दिरानं मान डोलावली, पण बजावून सांगितलं: औषध लिहायचं नाही, घशात बघायचं नाही, 'डॉक्टर' म्हणून पाटी लावायची नाही. ती कबूल झाली. घशात न बघणारी घशाची डॉक्टर, असं नवरा थट्टेनं म्हणाला. ती हसली नाही.

महिनाभरात हॉस्पिटलची नोटीस आली. आपण अमुक दुकानाच्या मागच्या खोलीत बसता असं आमच्या कानावर आलं आहे, ताबडतोब बंद करा, नाहीतर कोर्टात भेटू.

कानावर आलं. कुणाच्या तोंडून?

त्या प्रश्नानं तिचं डोकं पोखरलं. समोरचा औषधवाला येताजाता दुकानात डोकावायचा, तो असेल. मशीनचे सुटे भाग पोचवणारी मुलगी हॉस्पिटललाही माल द्यायची, ती असेल. मामाचा तर सगळ्या जगावर संशय. त्यानं आपली खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून घेतली आणि गिऱ्हाईक चष्मा डोळ्यांवर चढवत असताना हा त्याच्या खांद्यावरून रस्ता न्याहाळायचा. "चिमे, तो लाल सदऱ्यातला बघ. दुसऱ्यांदा गेला," असं आतल्या खोलीत येऊन कुजबुजायचा. लाल सदरेवाला शेजारच्या बँकेतला कारकून निघाला, तरी मामाचं समाधान झालं नाही. कारकून तर कारकून, म्हणाला, त्याला काय कान नाहीत?

सगळ्यांत वाईट म्हणजे तिला नवऱ्याचा संशय आला. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि सकाळी हॉस्पिटलच्या एक्स-रेवाल्या डॉक्टरबरोबर बॅडमिंटन खेळायचा. मुद्दाम नाही सांगणार तो, पण बोलण्याच्या ओघात काय निसटेल याचा नेम काय? तिनं हळूहळू त्याला काही सांगणंच सोडलं. आज कोण आलं होतं, असं त्यानं विचारलं की ती म्हणायची, नेहमीचेच. पुढे पुढे त्यानं विचारणंही सोडलं. जेवताना दोघं मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलायचे. तो विषय बिनधोक होता.

अशात एके दिवशी दुपारी तो माणूस आला.

पन्नाशीचा, अंगानं सुका, स्वच्छ धुतलेला पण इस्त्री न केलेला सदरा. कानाच्या मशीनबद्दल एक अक्षर न बोलता खुर्चीत बसला आणि म्हणाला, की घसा बसलाय, औषध लिहून द्या. आवाज असा, की सुक्या लाकडावर कानस फिरावी.

तिनं विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, झाले दोन-तीन महिने. दुखतं का? नाही. विडी? आहे थोडी. हे सगळं त्यानं असं सांगितलं, की जणू शेजाऱ्याबद्दल सांगतोय. मग पुढे वाकून म्हणाला, "तेवढं कागदावर लिहून द्या. तुमचं नाव आणि तारीख घालून."

इथे तिचे कान टवकारले. आजारी माणूस आधी विचारतो, बरं होईल ना? याला बरं होण्याशी काही देणंघेणं नव्हतं. याला कागद हवा होता. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना रंग बसला होता, कितीही घासला तरी न जाणारा. फिकट पोपटी. तो रंग तिनं दोन वर्षं रोज पाहिला होता. सबंध गावात तसल्या रंगाची दुसरी भिंत नव्हती.

"मी घसा तपासत नाही," ती म्हणाली. "इथे फक्त मशीन बसवून मिळतं. घशासाठी हॉस्पिटलात जा."

तो उठला आणि निघून गेला. मामानं त्याला काचेतून रस्ता ओलांडेपर्यंत नजरेनं पोचवलं. पाठवलेलाच होता, मामा समाधानानं म्हणाला, बरा सापडला. तिलाही तसंच वाटलं. सुटलो म्हणून तिनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो तसाच खाली ठेवला.

माणूस खोटा होता, आवाज खोटा नव्हता. खोटा बसलेला घसा तिला कळायचा. शाळा चुकवणारी मुलं काढतात तसा तो असतो, मध्येच विसरतात आणि खणखणीत बोलतात. हा विसरला नव्हता. दोन-तीन महिने, दुखत नाही, विडी. वर्गात एवढी लक्षणं सांगून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापक पुढचा प्रश्न विचारतो, 'मग तुम्ही कशाची वाट बघताय?'

तिनं मामाला काही सांगितलं नाही. चपला घातल्या आणि निघाली.

तो बसथांब्यावर पाठमोरा उभा होता, फोनवर. ती दोन पावलांवर थांबली. "नाही साहेब, नाही बघितलं," तो सांगत होता. "कागद पण नाही दिला. हो, मी घशाचं बोललो. आपला घसा बसलेलाच आहे ना, म्हणून तेच सांगितलं."

मग तो वळला आणि ती दिसली. फोन त्यानं खिशात घातला खरा, पण हात बाहेर काढायचं विसरला.

तिच्या मनात जे आलं ते काही फार थोर नव्हतं. मरू दे, असंही एकदा येऊन गेलं. आणि असंही आलं, की हा सगळा बनावच असेल. आवाजही, फोनही, हा विसरलेला हातसुद्धा. मी मागे धावत येईन हे व्यवस्थापकाला पुरतं ठाऊक असेल. नऊ वर्षं त्याच छपराखाली काम केलंय, शेवटची दोन यांच्या हाताखाली, माझी खोड त्यांना माहीत नसेल तर कुणाला? यातलं एकही तिला खोडून काढता येईना.

"कोणी पाठवलं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "चला परत. घसा बघते."

मागच्या खोलीत तिनं कपाळाला दिवा बांधला. लांब दांड्याचा छोटा आरसा कोमट पाण्यात बुडवून पुसला, त्याची जीभ कापडाच्या तुकड्यात धरून ठेवली आणि 'ई' म्हणायला सांगितलं. त्याला उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहिलं. तिसऱ्या वेळी नीट दिसलं. डाव्या स्वरतंतूवर पांढरट, खडबडीत चट्टा होता, भिंतीला पोपडा धरावा तसा.

तिनं त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं. हा कॅन्सर असू शकतो, याचा तुकडा काढून तपासायला का हवा, आणि वेळेवर झालं तर आवाजासकट माणूस कसा वाचतो. मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात तिची वर्गमैत्रीण होती, तिच्याकडे जायला सांगितलं. मग कागद घेतला आणि सगळं लिहिलं. काय दिसलं, कुठे दिसलं, काय करायला हवं. खाली नाव, तारीख, सही.

"तुम्हाला हवा होता तो हाच कागद," ती म्हणाली. "साहेबांना द्या, काय वाट्टेल ते करा. पण त्याआधी मैत्रिणीला दाखवा."

रंगाऱ्यानं कागदाची घडी घातली. ती खिशात सरकवली आणि तो गेला. बाहेर मामा डोक्याला हात लावून बसला होता.

पंधरा दिवसांत हॉस्पिटलनं दावा लावला आणि दाव्याला तो कागद जोडलेला होता. दीर घरी आला तो उभ्यानंच बोलत होता. चोराच्या हातात किल्ली दिली असती तर परवडलं असतं, म्हणाला, तुम्ही तर स्वतःच्या अक्षरात पुरावा लिहून दिलात, वहिनी. तिनं मैत्रिणीला फोन केला. मैत्रीण म्हणाली, की इथे रांगा लागतात, पहिली तपासणी हाताखालची मुलं करतात, तुझा माणूस येऊन गेला की नाही ते कसं सांगू? डॉक्टरनं आपल्यापुरता निकाल लावून टाकला: गेला नाही. कागद विकला आणि मोकळा झाला. त्या रात्रीपासून तिला त्याची कीव येईना, रागच येऊ लागला. आणि राग त्याच्यापेक्षा स्वतःच्या चपलांचा, की त्या का घातल्या.

सुनावणी लागेपर्यंत ऋतू बदलला. कोर्टाची खोली लहान होती, पंखा मोठा होता. न्यायाधीशबाई चाळिशीतल्या, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पेनचं टोपण न उघडणाऱ्या. हॉस्पिटलच्या वकिलानं सुरुवातीलाच सांगितलं, की करार मोडल्याची माहिती पक्की आहे, खुद्द दुकानाच्या मालकानं दिलेली आहे. हॉस्पिटलचे हिशेबनीस चष्मा करायला गेले असताना मालकांनीच त्यांना अभिमानानं सांगितलं, की आमची भाची एवढी मोठी डॉक्टर आता आमच्याच मागच्या खोलीत बसते.

डॉक्टरनं मान वळवून पाहिलं. मामा छताकडे बघत होता. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

तिला हसू आलं नाही. तिला नवऱ्याची आठवण आली. तो शाळेतून अर्धी रजा घेऊन मागच्या बाकावर येऊन बसला होता, आणि त्याच्याकडे बघायचा तिला धीर होईना.

मग रंगाऱ्याला पुढे बोलावलं. तो हॉस्पिटलचा साक्षीदार होता, त्यांच्याच बाकावरून उठून आला. उजेडात आला तशी तिची नजर त्याच्या मानेवर गेली. कॉलरच्या वरची कातडी काळवंडली होती, चामड्यासारखी झाली होती. किरणं घेतल्यावर होते तशी. तो गेला होता तर.

वकिलानं त्याला दोनच गोष्टी विचारल्या. यांनी तुमचा घसा तपासला का, आणि हा कागद यांनीच दिला का. तो दोन्हीला हो म्हणाला. नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज होता. वकील खाली बसला. दीर उठायच्या आतच न्यायाधीशबाईंनी विचारलं, की तुम्ही यांच्याकडे गेलात कशाला?

रंगारी आधी व्यवस्थापकाकडे बघत राहिला. मग त्यानं मान फिरवली. खोलीतला प्रत्येक जण पुढे वाकला, कारण त्याचं बोलणं पंख्यात विरत होतं.

"साहेबांनी पाठवलं म्हणून गेलो. नोकरीत कायम करतो म्हणाले होते. बाईंनी आधी नाही बघितलं. मी तसं साहेबांना कळवलं. मग बाई रस्त्यावर आल्या. मला पाठवलंय हे त्यांना कळलेलं होतं, तरी घेऊन गेल्या." तो थांबला, गिळताना त्याला त्रास होत होता. "कागद मी साहेबांना दिला. पण आधी त्याची झेरॉक्स काढली आणि शहरात गेलो. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर गळ्यात नळी बसवून बोलावं लागलं असतं."

आता टोपण उघडलं. न्यायाधीशबाईंनी हॉस्पिटलच्या वकिलाला विचारलं, की गुरुवार सोडून इतर दिवशी तुमच्याकडे घसा कोण बघतं? वकिलानं व्यवस्थापकाकडे पाहिलं. व्यवस्थापकानं फायलीकडे पाहिलं. नेमणूक चालू आहे, असं उत्तर आलं. मग दिरानं भाजीबाजारातल्या बाईला पुढे केलं, आणि तिनं परदेशाची गोष्ट सांगितली, अगदी कोबीसकट.

निकाल पुढच्या तारखेला आला. सगळं तिच्या मनासारखं झालं असं नाही. हॉस्पिटलच्या यादीतल्या पेशंटांना तिनं आपणहून बोलवायचं नाही, तिथली माणसं फोडायची नाहीत आणि जुन्या हॉस्पिटलचं नाव कुठे वापरायचं नाही, एवढं दोन वर्षं पाळायचंच होतं. पण दहा किलोमीटरची अट न्यायाधीशबाईंनी उडवून लावली. त्यांनी लिहिलं, की मालकाला आपला धंदा जपता येईल, पण कुणी कुणाकडून बरं व्हायचं ते ठरवायचा अधिकार त्याला करारातून विकत घेता येत नाही. आपल्या पायानं जो येईल त्याला डॉक्टर तपासू शकतात. आणि डॉक्टर कुठे आहेत असं कुणी काउंटरवर विचारलं, तर हॉस्पिटलनं खरं सांगायचं.

रंगाऱ्याची नोकरी अर्थातच गेली. पुढे तो तिच्याकडे तपासणीला यायचा. आवाज पूर्वीसारखा झाला नाही, पण बायकोला दुसऱ्या खोलीतून हाक मारण्याइतका झाला. कोर्टात सगळं खरं का बोलला, असं तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मामा मात्र तो दुकानात आला की अजून गल्ल्याला कुलूप घालायचा.

निकालानंतरच्या रविवारी दुपारी मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. नवरा पलंगावर पडून नकाशांचं पुस्तक चाळत होता. ती येऊन कडेला बसली आणि बोलून टाकलं, की मला वाटलं होतं, तुझ्याकडून गेलं असेल.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू 'नेहमीचेच' म्हणायला लागलीस तेव्हापासून. बॅडमिंटन मी तेव्हाच सोडलं. तुला कळलं नाही?"

तिला कळलं नव्हतं. रोज सकाळी तो बूट घालून जायचा तो कुठे जायचा, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. नदीपर्यंत चालत जातो, तो म्हणाला.

"मग बोललास का नाही?"

"बोललो असतो तर तुला वाटलं असतं, याच्या मनात काहीतरी असल्याशिवाय हा बोलायचा नाही."

हे खरं होतं. मग ती त्याला नव्या खोलीबद्दल सांगू लागली. दुकानाच्या वर नुकतीच घेतलेली जागा, खिडकी कुठल्या बाजूला आहे, तपासणीची खुर्ची कुठे ठेवायची, वाहत्या कानाच्या त्या मुलाला त्याची आई आपणहून घेऊन आली ते, आणि आजवर न सांगितलेलं कोण कोण आलं आणि गेलं ते सगळं. तो ऐकत होता. मग पुस्तक त्याच्या छातीवर कललं आणि तो घोरू लागला. ती थांबली नाही. राहिलेलं सगळं तिनं त्याला सांगून टाकलं.